समजून घ्या : होडीचा गाडा घरी जोडायचाय? आधी तो ‘उलाळ’ होणार नाही हे बघा

मे महिन्यात इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगाव, डिकसळ, पळसदेवच्या काठावर उभं राहिलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. जानेवारीत जिथे होडी बांधलेली होती, तिथे आता भेगाळलेली काळी जमीन असते आणि पाणी लांब सरकलेलं असतं. होडी काही पाण्यामागे आपोआप जात नाही. चार-सहा जणांनी ‘हय्या’ म्हणत ती ढकलायची, नाहीतर ट्रॅक्टरला दोर बांधून फरफटत न्यायची. बहुतेक ठिकाणी अजून हेच चालतं.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: दोन चाकांचा गाडा, म्हणजे होडीचा छोटा ट्रेलर. परदेशात त्याचे सुटे भाग खोक्यात घालून विकतात आणि लोक अंगणात नटबोल्ट आवळून तो जोडतात. आपल्याकडे असं तयार खोकं सहसा मिळत नाही. पण भाग सगळे इथेच आहेत. ऊस पट्ट्यात टायरगाड्या आणि ट्रॉल्या बनवणारे फॅब्रिकेशनवाले बारामती आणि इंदापूर दोन्हीकडे भेटतात. लोखंड कापून, महत्त्वाचं वेल्डिंग त्यांच्याकडून करून घ्यायचं आणि जोडणी वस्तीवर करायची, हे जमण्यासारखं काम आहे.

मात्र, असा गाडा बिघडतो तो लोखंड कमी पडलं म्हणून क्वचितच. वजनाची वाटणी चुकते, बेअरिंगमध्ये पाणी जातं, किंवा काठासाठी बनवलेला गाडा थेट महामार्गावर नेला जातो. गोंधळ होतो तो या तीन ठिकाणी. म्हणून हे तिन्ही नीट समजून घेऊ.

पाणी एवढं सरकतं कसं?

भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. यशवंतसागर जलाशयाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातला जवळपास ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा आणि ६३.६ टीएमसी मृतसाठा. बातम्यांत ‘उजनी शून्यावर’ असं वाचलं, तर त्याचा अर्थ धरण कोरडं पडलं असा नसतो. उपयुक्त साठा संपला, एवढाच असतो. त्याच्या खालून पाणी घेतलं की आकडा ‘उणे’ होतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेला होता. उपयुक्त साठ्याच्या ६० टक्के म्हणजे सुमारे ३२ टीएमसी. तेवढं पाणी मृतसाठ्यातून गेलेलं होतं. जलाशय उथळ आणि पसरट, त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ खूप मागे जातो. पळसदेवचं पाण्याखाली गेलेलं पळसनाथाचं मंदिर अशाच वर्षांत उघडं पडतं आणि बघायला गर्दी होते. मासेमारी करणाऱ्याला मात्र त्या वर्षी होडी पुन्हा पुन्हा हलवावी लागते. मग पावसाळ्यात पाणी वेगाने चढतं, तेव्हा तीच होडी उलट्या दिशेने, घाईत.

फरफटण्यात नुकसान काय?

पत्र्याच्या होडीचा तळ दगडावर घासला की आधी रंग जातो, मग गंज धरतो, मग पत्रा पातळ होतो. फायबरच्या होडीचं दुखणं जास्त लपलेलं असतं. वरचा गुळगुळीत थर एकदा ओरखडला की पाणी आतल्या काचतंतूंच्या थरात झिरपतं. वरून होडी ठणठणीत दिसते, आतून ती जड आणि कमकुवत होत जाते.

दुसरा मुद्दा त्याहून मोठा आहे. होडी काठावर पालथी करून तळ तपासायचा, सांधे बघायचे, इंजिन बसवायची फळी हलते का पाहायचं, हे काम हलवाहलवीच्या त्रासामुळे टळत राहतं. गाडा असेल तर होडी वस्तीवर आणून सावलीत दोन दिवस ठेवता येते. वळवाचे वारे सुरू व्हायच्या आत ती पाण्याबाहेर काढणंही सोपं होतं.

वाऱ्याचा मुद्दा या भागाला नवा नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. गाड्याने अशी दुर्घटना टळते असं म्हणणं खोटं ठरेल. ढग भरून आले की पाण्यात न उतरणं आणि अंगात लाइफ जॅकेट असणं, याला पर्याय नाही. पण आभाळ बघून होडी वेळेत वर काढता आली, तर ‘सोडू की नको’ हा निर्णय सोपा होतो.

‘उलाळ’ म्हणजे काय, हे आजोबांना विचारा

बैलगाडी भरणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नसे. मागच्या बाजूला भार जास्त झाला की गाडी उलाळ होते: जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याचे पट्टे आवळतात, चढाला तर बैल अर्धवट लटकतात. पुढे भार जास्त झाला, तर तो बैलांच्या खांद्यावर बसतो. म्हणून पोती रचताना आखाच्या किंचित पुढे जास्त भार ठेवायचा, म्हणजे जू खांद्यावर हलकं टेकून राहतं.

होडीच्या ट्रेलरचं सगळं शास्त्र एवढंच आहे. फक्त जुवाच्या जागी हुक आला आणि बैलांच्या जागी ट्रॅक्टर किंवा जीप.

एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हुकावर पडला पाहिजे. ५ टक्क्यांच्या खाली गेला की गाडा मागून डोलायला लागतो. १५ टक्क्यांच्या वर गेला की ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे स्टिअरिंग ऐकत नाही. यातलं डोलणं जास्त धोक्याचं. मंद वेगात ते जाणवतही नाही. वेग वाढला, उतार लागला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की गाड्याचं शेपूट डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतं आणि प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. अशा वेळी घाबरून वेग वाढवू नये, स्टिअरिंगही झटकू नये. ते सरळ धरून वेग हळूहळू कमी होऊ द्यावा.

आता आकड्यांत बघू. समजा होडी १३० किलो, इंजिन, टाकी आणि सामान मिळून ५० किलो, गाडा १२० किलो. एकूण ३००. हुकावर हवेत ३० किलो. हुकापासून आसापर्यंतचं अंतर ३ मीटर असेल, तर सगळ्या वजनाचा तोलबिंदू आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे आला पाहिजे. सूत्र सोपं आहे: एकूण वजनाला तोलबिंदूच्या अंतराने गुणायचं आणि हुक ते आस या अंतराने भागायचं. ३०० गुणिले ०.३, भागिले ३, म्हणजे ३०.

इथेच नेहमीची चूक होते. मोजमाप करताना इंजिन घरात काढून ठेवलेलं असतं. समजा तेव्हा हुकावर बरोबर ३० किलो भरले. मग ४० किलोचं इंजिन होडीच्या मागच्या फळीवर चढवलं, आणि ती फळी आसाच्या १.८ मीटर मागे आहे. हुकावरचा भार २४ किलोने कमी होतो. उरले सहा. काट्यावर पास झालेला गाडा रस्त्यावर उलाळ निघाला.

ओली जाळी, मासळीचे क्रेट, पेट्रोलचा कॅन यांनाही हाच हिशेब लागू. आणि पाणी! चार मीटर लांब, सव्वा मीटर रुंद होडीच्या तळाशी फक्त एक इंच पाणी साचलं, तरी त्याचं वजन शंभर किलोच्या घरात जातं. शिवाय ते चढाला मागे आणि उताराला पुढे धावतं. म्हणून होडी गाड्यावर चढवली की पहिलं काम तळाचं बूच उघडून पाणी काढण्याचं. बूच काढलं की ते किल्लीच्या जुडग्याला बांधा. नाहीतर दुसऱ्या दिवशी बूच न लावताच होडी पाण्यात उतरते, आणि हे करणारे अनुभवी लोकही असतात.

मोजायचं कसं? धान्य किंवा कांदा मोजायचा साधा वजनकाटा पुरतो. जमीन सपाट हवी, चाकांना दगड लावलेले हवेत. ओढणाऱ्या वाहनाच्या हुकाची जेवढी उंची, तेवढ्याच उंचीवर काट्यावर ठोकळा ठेवून गाड्याची दांडी टेकवायची. होडी, इंजिन, नेहमीचं सामान सगळं चढवलेलं असताना. आकडा कमी आला तर होडी थोडी पुढे घ्या, जास्त आला तर मागे. म्हणूनच आस सांगाड्याला कायमचा वेल्ड करण्याआधी यू-बोल्टने बांधून बघणं शहाणपणाचं. चार नट सैल केले की आस पुढे-मागे सरकवता येतो.

अंगणातली जोडणी

सांगाडा चौकोनी पाइपचा असू द्या. वरच्या उदाहरणाएवढ्या वजनासाठी ५० बाय ५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा पाइप लोक वापरतात. मोठ्या होडीला अंदाजाने जाडी ठरवू नका. फॅब्रिकेटरला एकूण वजन सांगून ठरवा. बंद पाइपचा एक तोटा आहे. आत पाणी शिरलं की बाहेर येत नाही आणि पाइप आतून गंजतो. खालच्या बाजूने, टोकांजवळ निचऱ्याची छोटी भोकं आधीच पाडून घ्या. उघडा चॅनल वापरला तर ही कटकट नाही, पण तो पिळवटतो जास्त.

हुकाची जोड, दांडीचा सांधा आणि आस बसायची जागा, ही तीन वेल्डिंग स्वतः शिकत शिकत करायची नाहीत. ती चांगल्या वेल्डरकडून करून घ्या आणि रंग देण्याआधी उजेडात बघा. रंग चढला की वाईट वेल्डिंगही छान दिसतं.

जोडताना सगळे नट आधी फक्त हाताने लावायचे, पाना नाही. सांगाडा काटकोनात आहे का, हे गुण्याने कळत नाही, कारण एवढ्या लांबीवर गुण्यातली बारीक चूक मोठी होते. दोन्ही कर्ण टेपने मोजा. ते सारखे आले की चौकट बरोबर. मग त्याहून महत्त्वाचं माप: हुकाच्या पिनपासून आसाच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत अंतर एकच हवं. यात फरक राहिला तर गाडा ट्रॅक्टरमागे खेकड्यासारखा तिरका चालतो, टायर एका बाजूने झिजतात, आणि दोष उगाच टायरवाल्याला लागतो. दोन्ही मापं जुळली की मगच पाने फिरवायचे. धक्के खाणाऱ्या जागी नायलॉनचे लॉक नट किंवा स्प्रिंग वॉशर हवेतच.

होडीला टेकू कशाचा द्यायचा, हे तिच्या तळावर ठरतं. पत्र्याच्या होडीला रबरी रोलर चालतात. ती त्यावरून सरकते, एकट्याने चढवता येते. फायबरच्या होडीला लांब लाकडी पट्ट्या बऱ्या, वर जुन्या सतरंजीचा किंवा गालिच्याचा तुकडा मारलेल्या. रोलरवर भार दोन-चार बिंदूंवर पडतो आणि फायबर उन्हात तिथे हळूहळू दबतं. पट्ट्या होडीच्या मागच्या फळीपर्यंत पोचल्या पाहिजेत. इंजिनाचं वजन तिथेच असतं. पट्टी एक-दीड फूट आधी संपली तर तळाला कायमचा बाक येतो.

नाकाशी हाताने फिरवायचं विंच आणि रबरी अडण लावा. विंचचं काम होडी ओढून घेण्यापुरतं. प्रवासात होडी धरून ठेवण्यासाठी नाकाच्या कडीला वेगळी साखळी आणि मागे दोन्ही बाजूंना पट्टे. विंचचा दात सुटला आणि होडी मागे घसरली, हे फक्त ऐकायला गमतीशीर आहे.

हुकाबाबत दोन गोष्टी. ट्रॅक्टरला पिन असेल, तर पिन वर उडू नये म्हणून खालून लॉक पिन घाला; तार किंवा खिळा नको. जीपला गोळ्याचा हुक असेल, तर गोळ्याचं आणि त्यावरच्या टोपीचं माप एकच आहे ना, ते कोरलेल्या आकड्यावरून बघा, डोळ्यांनी नाही. गोळा ५० मिलिमीटरचा आणि टोपी त्याहून मोठ्या मापाची असेल, तरी ती बसल्यासारखी वाटते आणि खड्ड्यात उडते. दोन्ही प्रकारांत सुरक्षेच्या दोन साखळ्या हव्यात, दांडीखाली एकमेकींना छेद देऊन. पिन निसटली तरी दांडी त्या साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

चाकं: रुतणारी, धावणारी

बारामती एमआयडीसीत तीनचाकी गाड्या बनवणारा पियाजिओचा कारखाना आहे. तशा तीनचाकी टेम्पोची चाकं आणि हब या भागात सहज मिळतात आणि हात पहिल्यांदा तिकडेच जातो. डांबरी रस्त्यावर ती ठीक. गाळात लहान, अरुंद चाक लगेच रुततं. काठावरच्या कामाला मोटारीचं १३ किंवा १४ इंची चाक बरं. टायरगाडीचा तयार आस घेतला, तर एक लक्षात ठेवा: बैलगाडीचे टायर मंद चालीसाठीच बनवलेले असतात. ते जीपमागे ४०-५० च्या वेगाने धावायला नाहीत. भंगारातला टायर घेताना नक्षी बघू नका, बाजूच्या भिंतीवरच्या भेगा बघा.

चाकाचे नट समोरासमोर, आळीपाळीने आवळायचे. पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. नवीन रंगाचा थर दबतो आणि नट सैल पडतात.

गरम हब, गार पाणी

होडीचा गाडा शेतीच्या ट्रॉलीपेक्षा वेगळा ठरतो तो इथे. त्याची चाकं पाण्यात बुडतात.

चाक धावून आलं की हब तापतं, आतली हवा पसरलेली असते. ते तसंच गार पाण्यात घातलं की हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाण्याबरोबर उजनीचा बारीक गाळही येतो. ग्रीस पांढरट, दुधाळ होतं, बेअरिंगला गंज चढतो आणि एक दिवस चाक जाम होतं किंवा निखळतं. उपाय सोपा आहे. काठावर पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. हबला हात लावून बघा. हात सुखाने टेकला तरच पाण्यात घाला. चहा त्याच वेळात होतो.

ग्रीस साधं चालत नाही, पाण्यात टिकणारं मागा. बेअरिंग बसवताना चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, मग किंचित मागे सोडायचा आणि स्प्लिट पिन घालायची. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे, पण धरून हलवलं तर खटखट नको. हंगामात दोनदा हब उघडून बघा. पांढरं ग्रीस दिसलं तर वरून नवं भरू नका. सगळं पुसून, बेअरिंग धुऊन, वाळवून मग भरा. जमलं तर चाकं बुडवूच नका. काठाचा उतार बरा असेल तर चाकाचा निम्मा भाग पाण्यात गेला तरी होडी विंचने सोडता येते.

ट्रॅक्टर कोरड्यावरच

उजनीचा उन्हाळी काठ वरून वाळलेला आणि खाली लोण्यासारखा असतो. भेगा दिसतात म्हणून जमीन घट्ट आहे असं समजू नये. पाण्याच्या कडेला ट्रॅक्टर नेला की मागचं चाक बसतं, आणि मग ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर. त्यापेक्षा ट्रॅक्टर घट्ट जमिनीवर ठेवा, गाडा हुकातून सोडून लांब, जाड दोराने उतरवा आणि तसाच ओढून घ्या. दोराला ताण असताना त्याच्या रेषेत किंवा मागे कुणी उभं राहायचं नाही. तुटलेला दोर सापासारखा उलटतो. लहान मुलांना तर काठापासून लांबच ठेवा.

वाट ठरवतानाही विचार हवा. पाणी हटलेल्या जमिनीवर गाळपेर असते, म्हणजे तुमची सरळ वाट दुसऱ्याच्या पिकातून जाते. आणि उघड्या जमिनीवर उन्हाळ्यात टिटवीसारखे पक्षी नुसत्या खळग्यात अंडी घालतात. ती मातीच्या रंगाची असतात, चाकाखाली गेल्यावरच कळतात. फ्लेमिंगोच्या नावावर नाव चालवणाऱ्या गावांनी एकच ठरलेली वाट वापरली, तर दोन्ही भांडणं मिटतील असं वाटतं.

रस्त्यावर नेता येतो का?

हा प्रश्न सगळे शेवटी विचारतात. तो गाडा बनवण्याआधी विचारायचा आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) मधल्या व्याख्येनुसार ट्रेलर हेदेखील मोटार वाहनच आहे. त्याला स्वतःचं इंजिन नाही, म्हणून सुटका नाही. कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही आणि कलम ६१ नोंदणीचे नियम ट्रेलरलाही लावतं. नोंदणी आली की विमाही आला. आता नोंदणीसाठी काय लागतं? केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यातली एआरएआय ही त्यातलीच एक. अंगणात जोडलेल्या एका गाड्यासाठी हे कुणी करत नाही. म्हणजे घरी जोडलेला, नंबर नसलेला गाडा पुणे-सोलापूर महामार्गावर जीपमागे ओढणं बेकायदा आहे, तो कितीही मजबूत असला तरी.

‘ऊस हंगामात एवढे जुगाड धावतात, मग आमचंच काय?’ हे ऐकायला मिळतं. खरं आहे, धावतात. त्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रेडियम उसाच्या पाचटाने झाकलेलं असतं, आणि रात्री दुचाकीवाला थेट मागे जाऊन आदळतो. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या रस्त्यांवर हंगामात रात्री दुचाकी चालवणाऱ्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. होडी तर उसापेक्षाही वाईट. ती गाड्याच्या मागे चार-पाच फूट बाहेर निघते आणि इंजिनाचा पंखा नेमका दुचाकीस्वाराच्या छातीच्या उंचीवर येतो.

मग मार्ग दोन. घरी जोडलेला गाडा काठ, शेत आणि वस्ती एवढ्यापुरता ठेवायचा आणि लांब न्यायचं असेल तेव्हा होडी नोंदणी असलेल्या पिकअप किंवा ट्रॉलीत चढवायची. तीही पूर्ण आत मावेल अशी, कारण वाहनाबाहेर डोकावणाऱ्या मालासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दुसरा मार्ग, मान्यता असलेल्या उत्पादकाकडून ट्रेलर घेऊन त्याची नोंदणी करायची आणि होडीपुरते टेकू, पट्ट्या, विंच त्यावर बसवून घ्यायचे. काय बसवलेलं चालेल, हे बारामतीच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-४२ चा नंबर जिथून मिळतो तिथे, आधी विचारा. बारामती, इंदापूर आणि दौंड त्याच कार्यालयाखाली येतात.

इंजिन लावलेल्या होडीची नोंदणी ही वेगळी बाब. त्यासाठी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आहे. गाड्याची कागदपत्रं होडीला चालत नाहीत आणि होडीची गाड्याला.

काठावरच वापरायच्या गाड्यालाही रेडियम लावा: पुढे पांढरं, बाजूंना पिवळं, मागे लाल. मागचे दिवे गाड्यावर कायमचे बसवू नका, पाण्यात पहिल्याच आठवड्यात जातात. एका फळीवर दिवे आणि वायर बसवून ती फळी होडीच्या मागच्या टोकाला अडकवायची. पाण्यात उतरण्याआधी काढून ठेवायची, बाहेर आल्यावर पुन्हा लावायची.

पावसाळ्यात ठेवताना

पाणी चढलं, होडी पुन्हा वस्तीजवळ तरंगू लागली की गाडा तीन-चार महिने उभाच राहतो. आसाखाली दगड किंवा ठोकळे लावून चाकं जमिनीपासून उचला, म्हणजे टायर एका जागी दबत नाहीत. दांडी थोडी वर ठेवा, पाइपमधलं पाणी भोकांतून निघून जाईल. चाकं दर पंधरवड्याला हाताने एक फेरा फिरवा. होडी गाड्यावरच ठेवणार असाल तर नाक वर, बूच काढलेलं आणि वर ताडपत्री. ताडपत्रीला मध्ये बांबूचा कणा द्या. नाहीतर तिच्यात साचलेल्या पाण्याचं वजन होडीच्या काठांवर येतं, आणि जाळीवर वाळत घातलेल्या पट्ट्यांसकट सगळं सकाळी आत कोसळलेलं सापडतं.